सेवा निष्काम असावी, सेवक उपाशी नसावा

सांगली जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला असलेला आटपाडी तालुका महाराष्ट्राला दोन कारणांनी परिचित आहे. पहिले कारण तेथील पाचवीला पुजलेला दुष्काळ, आणि दुसरे ग. दि. आणि व्यंकटेश हे माडगूळकर बंधू व शंकरराव खरात यांच्यासारखे त्या मातीने दिलेले साहित्यिक. तिसरे एक कारण मात्र विस्मरणात गेले आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची एक वसाहत आहे. १९३९ साली औंध संस्थानचे अधिपती भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने तेथे एक विलक्षण प्रयोग सुरू केला. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना उंच भिंतीआड न कोंडता, कसण्यासाठी जमीन देऊन, कुटुंबासह मोकळ्यावर राहू देण्याचा तो प्रयोग होता. पुढे ग. दि. माडगूळकरांनी याच कल्पनेवर कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये तिच्यावर ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला.

चित्रपट देशाने डोक्यावर घेतला. प्रयोगामागचा विचार मात्र तुरुंगाच्या विषयापुरताच राहिला. पडलेल्या माणसावर विश्वास टाकला, त्याच्या हाताला मोबदल्याचे काम दिले आणि त्याला कुटुंबापासून तोडले नाही, तर तो उभा राहतो, असा तो विचार होता. मनाचा आजार हा अर्थातच गुन्हा नव्हे. परंतु त्या आजारातून उठलेल्या माणसाच्या कपाळावर समाज जो शिक्का मारतो, तो तुरुंगातून सुटलेल्याच्या शिक्क्याहून फारसा वेगळा नसतो. म्हणूनच आज एक प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. मनाच्या आजारातून सावरलेले तरुण आणि अशा रुग्णांना वर्षानुवर्षे सांभाळणारी कुटुंबे यांच्यावर दुसऱ्यांना सावरण्याचे काम सोपवण्यास, आणि त्या कामाचे रीतसर वेतन देण्यास, शासन व समाज तयार आहेत काय?

डॉक्टरांच्या पलीकडचे अंतर

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यातून असे दिसले की, प्रौढ लोकसंख्येपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. लाख लोकसंख्येमागे देशात एकही पूर्ण मानसोपचारतज्ज्ञ नाही. हे प्रमाण ०.७५ इतकेच भरले. ज्या कुटुंबांत असा रुग्ण आहे, त्यांना उपचार आणि प्रवास यांवर दरमहा हजार ते दीड हजार रुपये खर्चावे लागतात, असेही त्या सर्वेक्षणाने नोंदवले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ सालचे आकडे याहून बोलके आहेत. त्या एका वर्षात देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्रातील २२,७४६ जण होते आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. मृतांपैकी एकतृतीयांशाहून अधिक १८ ते ३० या वयोगटातील होते. कारणांमध्ये पहिला क्रमांक ‘कौटुंबिक समस्या’ या शीर्षकाचा, ३१.७ टक्के. कर्ज, बेकारी, परीक्षा ही कारणे त्याच्या बरीच मागे आहेत. आपली कुटुंबव्यवस्था हा आपल्या समाजाचा कणा आहे, असे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे. पण कण्यावरच भार असह्य होत असेल, तर अभिमानाच्या भाषणांनी तो हलका होत नाही.

आटपाडीसारख्या तालुक्यात हा भार कसा साचतो, हे तेथील जीवनक्रम पाहिला म्हणजे ध्यानात येते. सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायासाठी खानापूर-आटपाडी भागातील कर्ते पुरुष देशभरच्या शहरांत पांगलेले आहेत. मागे म्हातारे आईवडील, सून आणि लेकरे. मेंढपाळ कुटुंबांचा संसार चाऱ्यामागे फिरतो. डाळिंबाने काही वर्षे घरात पैसा आणला आणि मग तेल्या रोगाने बाग उभ्या उभ्या नेली, कर्ज तेवढे राहिले. टेंभू योजनेचे पाणी आल्याने काही शिवार हिरवे झाले, परंतु पाणी आले म्हणून मनावरचा जुना ओरखडा आपोआप बुजत नाही. अशा घरातला तरुण मुलगा एकाएकी बोलेनासा झाला, रात्र रात्र जागू लागला, तर कुटुंब प्रथम देवऋष्याकडे जाते, मग गावच्या डॉक्टरकडे आणि फार उशिरा मिरज-सांगलीकडे. एका भेटीसाठी दोन माणसांचा रोज बुडतो. तिसऱ्या भेटीला एसटीचे भाडे जड होते आणि गोळ्या बंद पडतात.

या साखळीत डॉक्टर नाही, असे नव्हे. डॉक्टर आणि घर यांच्यामध्ये उभा राहणारा, गोळ्या का बंद करायच्या नाहीत हे त्याच बोलीत सांगणारा, स्वतः त्या वाटेने गेलेला माणूस नाही.

शुभार्थी आणि शुभंकर

असा माणूस ही पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली कल्पना नाही. महाराष्ट्राने तिचा अनुभव घेतलेला आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथील अनेक समुपदेशक आणि कर्मचारी हे स्वतः व्यसनाच्या गर्तेतून बाहेर आलेले आहेत. नव्याने दाखल झालेला रुग्ण डॉक्टरांना फसवू शकतो, आईला फसवतो, बायकोला तर रोजच फसवत आलेला असतो. परंतु ज्याने त्याच थापा एके काळी मारल्या, त्याला तो फसवू शकत नाही. आणि तोच समोरचा माणूस आज ताठ मानेने नोकरी करतो आहे, हे पाहिल्यावर आपणही सुटू शकतो ही आशा त्याच्या मनात रुजते. व्यसनी नवऱ्यांच्या पत्नींसाठी मुक्तांगणने ‘सहचरी’ हा गट चालवला, कारण आजार एकाचा असला तरी होरपळ घरादाराची असते.

दुसरे उदाहरण डॉ. जगन्नाथ वाणी यांचे. धुळे परिसरातून कॅनडात गेलेले आणि कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे अध्यापन करणारे हे प्राध्यापक पत्नीच्या स्किझोफ्रेनियाशी अनेक वर्षे झुंजले. त्या अनुभवातून त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ सालच्या चित्रपटामागेही त्यांची प्रेरणा होती. पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांत आज रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी वाहणाऱ्या आप्ताला ‘शुभंकर’ म्हटले जाते. ‘वेडा’ या एका शब्दाने माणूस मोडीत काढणाऱ्या समाजात या दोन शब्दांनी केलेले काम मोठे आहे.

कायद्यानेही हा अनुभव ओळखला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार स्थापन होणाऱ्या पुनर्विलोकन मंडळांत जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचे अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचे प्रतिनिधी आणि डॉक्टर यांच्याबरोबर दोन जागा रुग्ण, शुभंकर किंवा त्यांच्या संस्थांच्या प्रतिनिधींसाठी आहेत. मनाचा आजार भोगलेला माणूस न्यायाधीशाच्या शेजारी बसून निर्णय देण्यास पात्र आहे, असे संसद म्हणते. मग तोच माणूस गावातील दुसऱ्या रुग्णाच्या घरी जाऊन बसण्यास आणि त्याचे वेतन घेण्यास अपात्र कसा?

प्रयोग झाले, पुढे काय?

खेड्यात हे साधणार नाही, ही शंका प्रयोगांनीच दूर केली आहे. विदर्भात अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतील ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबवला गेला. स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी मानसिक प्रथमोपचार पोहोचवले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि मनात आत्महत्येचा विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ हा उपक्रम आरंभला आणि पुढे तो गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात विस्तारला. गावातीलच विश्वासू व्यक्ती शेजाऱ्यांचे दुःख ओळखते, ऐकून घेते, लघुपट दाखवून बोलते करते आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे पोहोचवते, अशी त्याची रीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जगभरच्या अनुकरणीय सामुदायिक सेवांत ‘आत्मीयता’चा समावेश केला.

या दोन्ही प्रयोगांतील कार्यकर्ते आजार भोगलेलेच होते असे नाही. परंतु गावातील माणूस गावाच्या मनापर्यंत पोहोचू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. मुक्तांगणने सिद्ध केले की, भोगलेला माणूस भोगणाऱ्यापर्यंत पोहोचतो. या दोन गोष्टी एकत्र आणणे, हेच आता बाकी आहे.

राज्य शासनाने २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. तो मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी होता. माणदेशाचा दुष्काळ त्या नकाशात बसला नाही. २०२२ च्या १० ऑक्टोबरला केंद्राने ‘टेलिमानस’ ही १४४१६ या क्रमांकाची दूरध्वनीसेवा सुरू केली. ती उपयुक्त आहेच. पण ज्या सुनेच्या हाती स्वतःचा फोन नाही, किंवा फोन आहे पण बोलायला आडोसा नाही, तिच्या उंबऱ्याशी माणूसच जावा लागतो.

वेतनाला संकोच का?

येथे सेवाकार्यात मुरलेल्या अनेक कार्यकर्त्यांच्या मनात एक प्रामाणिक शंका उभी राहील. दुःखिताचे अश्रू पुसण्याचे पैसे घ्यायचे काय? सेवा ही निष्काम असावी, घरची भाकरी खाऊन करावी, हा संस्कार आपल्या सामाजिक जीवनाचे वैभव आहे. त्या संस्कारावर असंख्य वसतिगृहे, रुग्णालये आणि वनवासी क्षेत्रांतील केंद्रे उभी राहिली. त्याची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु निष्काम सेवेचा आदर्श घरी भाकरी असलेल्या माणसासाठी आहे. मनाच्या आजारातून उठलेल्या तरुणाची पहिली हानी रोजगाराची झालेली असते. शिक्षण अर्धवट सुटलेले, नोकरी गेलेली, औषधे चालू आणि लग्नाच्या बाजारात नाव नाही. त्याला शासनाने किंवा संस्थेने सांगायचे की, तू गावोगाव फिर, इतरांच्या व्यथा ऐक, पण मोबदला मागू नकोस! हा त्याचा गौरव नव्हे. त्याच्या अडचणीचा घेतलेला तो फायदा ठरेल. शुभंकर माउलीचेही तसेच. मुलाला सांभाळताना जिचा रोजगार बुडाला, तिच्याकडून आणखी विनामूल्य श्रमांची अपेक्षा करणे कोणत्या धर्मात बसते?

ज्यांना खाऊनपिऊन सुखी आहेत म्हणून विनावेतन काम परवडते, तेच या क्षेत्रात येतील, तर हे काम एका थरापुरते राहील. तसे होणे घातक आहे, कारण मन खालून वर मोकळे होत नाही. पाटलाच्या वाड्यातील सुशिक्षित भगिनी कितीही प्रेमळ असली, तरी मेंढ्यांमागे फिरणाऱ्या धनगराची बायको तिच्यापुढे नवऱ्याच्या दारूबद्दल बोलेल, पण स्वतःच्या मनात आलेल्या विहिरीच्या विचाराबद्दल बोलणार नाही. आटपाडीनेच याचा साहित्यिक पुरावा दिला आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसे’ आणि शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मचरित्र ही एकाच तालुक्यातील दोन पुस्तके. माती एक, दुष्काळ एक, पण गावकुसाच्या आत आणि बाहेर भोगलेले जीवन वेगळे. म्हणून सोबती निवडताना धनगरवाडीचा, दलित वस्तीचा, गलाई कुटुंबाचा, डाळिंब बागायतदाराचा, सर्व जातींचा आणि पंथांचा माणूस त्यात असला पाहिजे. स्त्रिया निम्म्या तरी असल्या पाहिजेत. आणि महाविद्यालयीन वयाचे तरुण असलेच पाहिजेत. समरसता व्यासपीठावरून सांगता येते, पण तिची खरी परीक्षा कोण कोणापाशी रडू शकतो, येथे होते.

शासनाला ही पद्धत नवी नाही. राज्याच्या ‘उमेद’ अभियानात गरिबीतून वर आलेली बचत गटातील स्त्री दुसऱ्या गावातील स्त्रियांना मार्ग दाखवते आणि त्याचे मानधन घेते. तिचा अनुभव हीच तिची पदवी मानली जाते. उलट, २०१४ पासून चाललेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावातील मुले-मुली ‘साथिया’ म्हणून समवयस्कांशी बोलतात, त्यांत मानसिक आरोग्यही येते, पण त्यांना वेतन नाही. परदेशांतही प्रारंभी असाच संकोच होता. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने १९९९ मध्ये अशा अनुभवी सोबत्यांच्या सेवेचा मोबदला सरकारी आरोग्यनिधीतून देण्यास सुरुवात केली, २००७ मध्ये त्या देशाच्या केंद्र सरकारने सर्व राज्यांना तशी वाट मोकळी करून दिली, आणि तेव्हापासून तेथे हे एक मान्यताप्राप्त काम झाले.

पैसा कोठून?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमासाठी बाराव्या पंचवार्षिक योजनेत जिल्ह्यामागे वर्षाला ८३.२० लाख रुपयांपर्यंतची तरतूद ठरवण्यात आली. त्यात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका, देखरेख अधिकारी, नोंदणी साहाय्यक, परिचर अशी पदे आहेत. आजारातून सावरलेल्या माणसासाठी किंवा शुभंकरासाठी मात्र एकही पद नाही. नेमके हे पद निर्माण व्हावे, ही मागणी आहे.

सांगली जिल्ह्यात दहा तालुके आहेत. पहिल्या टप्प्यात आटपाडी, जत, कवठेमहांकाळ आणि खानापूर हे चार दुष्काळी तालुके घेतले, प्रत्येकी दोन तरुण आणि दोन शुभंकर नेमले आणि प्रत्येकाला दरमहा १५ हजार रुपये दिले, तर १६ जणांचा वर्षाचा खर्च २८ लाख ८० हजार रुपये होतो. प्रशिक्षण आणि प्रवासखर्च त्यात मिळवला तरी ही रक्कम जिल्हा नियोजन समितीच्या आवाक्याबाहेरची ठरू नये. दहाही तालुक्यांत ४० जण नेमले, तरी वेतनाचा खर्च ७२ लाखांवर जात नाही. साखर कारखाने, सूतगिरण्या, पतसंस्था आणि देशभर विखुरलेले गलाई व्यावसायिक यांनी प्रशिक्षणाचा भार उचलला, तर शासनाचे ओझे आणखी हलके होईल. एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. देणगीवर प्रशिक्षण चालेल, वेतन चालणार नाही. तीन वर्षांच्या प्रकल्पाची मुदत संपली आणि सोबती एकाएकी यायचा थांबला, तर आधीच एकदा तुटलेला रुग्ण दुसऱ्यांदा तुटतो. म्हणून वेतन हे अर्थसंकल्पातील कायम शीर्षकाखालीच यावे.

पथ्येही हवीत

या व्यवस्थेत धोके आहेत आणि ते झाकून ठेवणे योग्य होणार नाही. स्वस्तात मिळणारा डॉक्टर, असे या सोबत्याचे स्वरूप होता कामा नये. त्याने गोळी बदलायची नाही, निदान करायचे नाही, नवस-गंड्यांची टिंगल करायची नाही आणि उपचार बंद करण्याचा सल्लाही द्यायचा नाही. खरसुंडीच्या सिद्धनाथाला साकडे घालणाऱ्या आईला, देवाला हात जोडून मग ग्रामीण रुग्णालयाची पायरीही चढूया, असे म्हणणारा तो असावा. घरातील गोष्ट चावडीवर जाणार नाही, ही त्याची पहिली शपथ. आत्महत्येच्या विचारासारखी धोक्याची खूण दिसताच ती आपल्यापाशी न ठेवता तज्ज्ञाला कळवणे, ही दुसरी.

इतरांचे दुःख रोज ऐकून त्याचाच आजार उलटला तर? ही शक्यता खरी आहे. मधुमेह असलेल्या शिक्षकाची साखर वाढली, तर शाळा त्याला रजा देते, घरी बसवत नाही. तीच रीत येथे हवी. कामाचे मर्यादित तास, आजारपणाची हक्काची रजा, महिन्यातून ठरलेल्या दिवशी तज्ज्ञाशी बैठक आणि बरे झाल्यावर त्याच जागी परत येण्याची हमी, एवढे नियम केले तर हे पद टिकेल. स्वतंत्रपूरलाही कैद्यांना मोकळे सोडताना नियम होतेच. विश्वास आणि शिस्त यांत तेथे विरोध मानला गेला नाही.

भगवद्गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे. पराक्रमी माणसाचे हात कापतात, तोंडाला कोरड पडते, धनुष्य गळून पडते, आणि त्याबद्दल ग्रंथाने त्याला भ्याड ठरवून बाजूला सारलेले नाही. विषादाला शरम न मानणारी ही परंपरा ज्यांच्या घरी रोज वाचली जाते, त्या घरांत आज मुलाच्या नैराश्याची गोष्ट पाहुण्यांपासून लपवली जाते, हा विरोधाभास दूर होण्यास बाहेरच्या कोणाची गरज नाही.

कार्यकर्त्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या नगरात, आपल्या तालुक्यात सावरलेले तरुण आणि शुभंकर कुटुंबे कोण आहेत, याची माहिती त्यांचा मान राखून, त्यांच्या संमतीने गोळा करता येईल. महिन्यातून एकदा त्यांना भेटण्यासाठी शाळेचा एखादा वर्ग मिळवून देता येईल. ग्रामसभेत ठराव आणता येईल, आणि पालकमंत्र्यांना व जिल्हा परिषदेला या पदांसाठी निवेदन देता येईल. निवेदनात सहानुभूतीचे शब्द कमी आणि पदांची संख्या, वेतन व रजेचे नियम अधिक असावेत. आणि ते निवेदन देण्यास जाताना पुढे शुभार्थी आणि शुभंकर असावेत, कार्यकर्त्यांनी मागे उभे राहावे.